पाठीवरचा पाय

रुख्माबाई पायाळू. आईच्या पोटातून तिचं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले होते. म्हणून इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या चार गावांत कुणाच्या कमरेत चमक भरली, धानाच्या रोवणीत कुणाची पाठ धरली, की माणूस येऊन तिच्या अंगणात पालथा पडे. रुख्मा टाच धुई, तीनदा पाठीवरून फिरवी आणि तिसऱ्यांदा अंगाचा भार देई. कुठंतरी कट् वाजे आणि माणूस हसत उठून बसे. बदल्यात ती सुपारीचं खांडसुद्धा घेत नसे. "पायाचं देनं हाय, पायानं फिटते," म्हणे. पन्नास वर्षांत हा पाय कुणाला वाईट लागला नव्हता. निदान तसं सांगायला कुणी परत आलं नव्हतं.

तिची लेक दामिनी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली. पोट भरल्या कणगीएवढं, हात मात्र तुरीच्या काड्या.

"सासरी खायाले देत होते का नाई वो?" रुख्मानं विचारलं.

"देत होते ना. पन सासूबाई म्हनत, पोटात दोन हाय, दोघं मोठे झाले तं पोट फाडा लागंन. भात खाय, दूध-अंड्याच्या नादी लागू नको."

"बराबर म्हनते इहीन," रुख्मा म्हणाली. लग्नात मानपानावरून भांडलेल्या दोन घरांचं या एका गोष्टीवर मात्र एकमत होतं.

पौषात दामिनीची सुटका झाली. एक पोरगा, एक पोरगी. पोट फाडावं लागलं नाही. लेकरांची तोंडं मुठीएवढी आणि भूक हातभर. एकाला सोडावं तर दुसरं रडे, दुसऱ्याला धरावं तर पहिलं परत तोंड वासे. रुख्मानं खोली सारवली, खिडकीला पोतं ठोकलं. जुळ्यांना नजर लवकर लागते, म्हणून सव्वा महिन्याचं पथ्य तिनं तीन महिन्यांवर नेलं. मऊ भात, तुरीचं पातळ वरण, वर भाजलेलं जिरं. दही नको, लेकराला सर्दी होते. गायीचं दूध नको, थंड असतं. तलावातल्या झिंग्या आणि मासोळीचं तर नाव काढायचं नाही, आईच्या दुधाला वास येतो. ऊन नको, वारा नको. शेगडीचा धूर तेवढा तिन्ही त्रिकाळ.

गावातली आशाताई येऊन पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं ठेवून गेली. "रोज दोन द्या, मावशी. अन् हिले थोडं उन्हात बसवत जा. पिवळी पडून रायली पोरगी."

ती गेल्यावर रुख्मानं एक गोळी जिभेवर धरून पाहिली. "हा तं चुना हाय वो! चुन्यानं मुतखडा होते. अन् उद्या दुधात चुना उतरला तं?"

गोळ्या डब्यात गेल्या, डबा फळीवर गेला. दुधात चुना उतरतो हे रुख्मा बरोबरच बोलली होती. तो कुठून उतरतो, तेवढं तिला ठाऊक नव्हतं.

लेकरं प्यायला लागली की रुख्मा उंबऱ्याशी बसून तांदळातले खडे वेची आणि हलक्या आवाजात म्हणे:

*बाळ पिते गटागटा, माय म्हने पी रे राजा*
*तुह्या घोटाघोटासंगं जीव हलका होते माजा*

दामिनी भिंतीला टेकून ऐके. एक डावीकडं, एक उजवीकडं. तिचा जीव खरंच हलका होत होता.

माघात तिची पाठ दुखू लागली. रुख्मा म्हणाली, बाळंतवात आहे, शेक दे. फाल्गुनात दामिनीची साडी लांब झाली. नेहमीचीच साडी, नेहमीसारखीच खोचलेली, आणि काठ जमिनीवर घासत जायचा.

"नीट नेस ना वो. झाडू मारून रायली का काठानं?"

"नीटच नेसली, माय. माहीत नाई काऊन लांब होते."

दामिनीचा बाप बकाराम उन्हाळी धानाला पाणी देऊन नुकताच आला होता. पाय धुता धुता तो म्हणाला, "लोकायच्या घरी कापड धुतल्यानं आटते. आमच्या घरी वाढते, बाप्पा!"

तिघंही हसली. दामिनी मध्येच थांबली, कारण हसण्यानंसुद्धा पाठीत सुरी फिरे. कापड वाढलं नव्हतं, पोरगी कमी झाली होती. पण घरातलं माणूस बोटभर बुटकं झालेलं रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. आणि बाई पाजते तशी वाकतेच, असं रुख्मानं स्वतःच्या अंगावरून धरून ठेवलेलं होतं.

चैत्रातली सकाळ. पोरगी झोळीत रडत होती. दामिनी तिला घ्यायला वाकली आणि तिला वर होता येईना. ती तशीच वाकलेली, हात जमिनीला टेकून, जनावरासारखी चार पायांवर खोलीच्या मधोमध आली.

"माय," ती म्हणाली, "पाय लाव."

"आज शेकू. उद्या पाहू."

"उद्या कायले? साऱ्या गावाले लावते अन् मलेच नाई लावत? लाव ना वो. लेकरू रडून रायलं."

असं म्हणून ती पालथी झाली. रुख्मानं टाच धुतली. लेकीच्या अंगाला पाय लावायचा म्हणून आधी वाकून तिच्या पाठीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मग टाच फिरवली. पाठीवर मांस इतकं थोडं होतं की टाचेला मणी मोजता आले. दुसऱ्यांदा फिरवली. तिसऱ्यांदा भिंत धरून भार दिला.

आवाज नेहमीचा नव्हता. चुलीत सारायला वाळकी काडी मोडावी तसा कोरडा होता, आणि एकामागं एक आला. दामिनी ओरडली नाही. तिच्या तोंडातून नुसती हवा गेली. झोळीतलं रडणं चालूच होतं, आणि पालथ्या दामिनीच्या छातीखालून दूध वाहून सारवलेल्या भुईवर ओल पसरत होती. अंग हलेना, पण दूध त्या रडण्याला ओ देत होतं.

रुग्णवाहिकेत फळीवर बांधून तिला गोंदियाला नेलं. दोन्ही लेकरं घेऊन रुख्माही सोबत गेली. सरकारी दवाखान्यात पाठीचे एक्स-रे फोटो निघाले. डॉक्टर नूतन मॅडम तरुण होत्या, गोंदिया शहरातल्याच, बोलता बोलता हिंदीत जायच्या. त्यांनी दामिनीच्या पायाचे अंगठे हलवायला लावले, तळव्याला सुई टोचून पाहिली. "पैर ठीक आहेत. नस दबली नाही. हे नशीब समजा." मग रुख्माकडं वळल्या. "गिरी थी क्या? पडली का ही?"

रुख्माच्या मागं चार गावं उभी होती. तिच्या अंगणात पालथी पडलेली, हसत उठलेली. ती म्हणाली, "हाव. न्हानीत पडली. पाय घसरला."

पाय हा शब्द तिच्या तोंडून असाच निघून गेला. दामिनीनं खाटेवरून मान न वळवता डोळे तेवढे आईकडं वळवले आणि परत छताकडं नेले.

दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याहून जावई देवानंद आणि त्याची आई शकुंतलाबाई आली. देवानंदचं कोहमाऱ्याच्या चौकात किराणा दुकान, घरामागं धानाच्या बांध्या. दुकान तो पाही, बांध्या घरच्या बाया पाहत. शकुंतलाबाईनं आधी दोन्ही नातवंडांची तोंडं पाहिली, मग सुनेचं. नूतन मॅडमनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"हे मणके. हे वरचे बघा, चौकोनी आहेत. आणि हे तीन."

ते तीन चपटे होते, वाटीखाली दाबलेल्या पिठाच्या गोळ्यांसारखे.

"न्हानीत पडल्यानं तीन-तीन मनके बसतेत का, मॅडम?" शकुंतलाबाई म्हणाली. "आमच्या गावात बाया मोहाच्या झाडावरून पडल्या अन् उठून घरी गेल्या."

मॅडमनी फोटो परत न्याहाळला. त्यांनाही तोच प्रश्न पडला होता.

"मी सांगतो," शकुंतलाबाई पुढं म्हणाली. "पोरगी पहिल्यापासूनच हाडाची कच्ची हाय. लपवून देली आमाले. कलिंगड घेताना मानूस वाजवून घेते, आमी सून तशीच आनली."

"आई, चूप ना," देवानंद म्हणाला. पण लगेच सासूकडं वळला. "मामी, खरं सांगा. लहानपनी काही होतं का हिले?"

"काहीच नव्हतं, जवाई. चार पेंढ्या डोक्यावर घेऊन बांध्यावरून पळे ते."

"मंग आता काऊन मोडली?" शकुंतलाबाईनं लेकाचा दंड धरला. "ऐक. लेकरं आपली हाय, ते नेऊ. कच्च्या हाडाची पोरगी त्यायची हाय, ते त्यायनं ठेवावं. समाजात बसून बोलू. मले मांडीवर घेऊन बसाची सून नाई पायजे."

खोलीत सहा खाटा होत्या. बाकीच्या पाचही खाटांवरच्या बायकांनी बोलणं थांबवलं. रुख्माला समजलं की आता मध्ये फक्त एक वाक्य उभं आहे. ते गिळलं तर लेकीच्या माथी जन्मभराचं 'कच्ची' लागतं. बाहेर काढलं तर आपलं काय उरतं, याचा तिनं एकदा विचार केला. पायाकडं पाहिलं. टाचेला अजून गावची माती होती.

"नाई पडली ते," ती म्हणाली. "म्या पाय लावला."

"म्हंजे?" मॅडमनी फोटो खाली घेतला.

"म्या पायाळू हावो. चमक काढतो. तिच्या पाठीवर उभी रायलो."

"बाळंतिणीच्या? पाठीवर?"

"हाव."

मॅडम ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या खाटेच्या कडेला बसल्या.  मग त्यांनी दामिनीलाच विचारलं, "दुखणं आधी सुरू झालं, की पाय लावल्यावर?"

"आधी. दोन महिने झाले," दामिनी म्हणाली. "साडी लांब व्हाले लागली त्याच्याही आधीपासून."

"पोटुशी असताना काय खात होतीस? दूध, दही, अंडं?"

"भात," दामिनी म्हणाली. मॅडमनी शकुंतलाबाईकडं पाहिलं. शकुंतलाबाई पदराचं टोक चाचपू लागली.

"आणि बाळंतपणात? गोळ्या दिल्या होत्या?"

"डब्यात हाय, फळीवर," रुख्मा म्हणाली.

"ऐका मग," मॅडम म्हणाल्या. "बाई पाजते तोवर तिचं अंडाशय झोपलेलं असतं. पाळी येत नाही, ते त्यामुळेच. हाडांची राखण करणारं एक हार्मोन असतं, इस्ट्रोजेन, ते या दिवसांत अगदी उतरतं. म्हणजे राखणदार रजेवर. आणि वर छातीतूनच रक्तात निरोप सुटतो, की दुधाला चुना, म्हणजे कॅल्शियम, पाहिजे, हाडातून पाठवा. हाड पाठवतं. विचारत नाही की घरात किती शिल्लक आहे. हिच्याकडं दोन पिणारे."

"मंग नीट खाल्लं असतं तं काहीच झालं नसतं?" देवानंदनं विचारलं.

"असं मी सांगणार नाही. खाणारीच्या हाडातूनही जातंच. निसर्गाची रीतच आहे. दूध तुटलं, पाळी आली, की हाड परत भरून येतं. पण तिची कोठी आधी भरलेली असते, थोडं गेलं तरी भागतं. हिची कोठी सासरी भरली नाही, माहेरी भरली नाही. वरून तीन महिने ऊन नाही. ऊन नसलं की खाल्लेलासुद्धा चुना अंगी लागत नाही. हाड आतून जाळीसारखं झालं होतं. पाय लावला नसता तर..." त्या थांबल्या. रुख्मा त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. "तर कदाचित हंडा उचलताना एक मणका बसला असता. तीन नसते बसले."

रुख्मानं मान हलवली. तिला एवढंच हवं होतं, की कुणीतरी मोजून सांगावं.

घोटाघोटासंगं जीव हलका होते. किती वर्षं ती हे म्हणत आली होती, आणि तिच्या आधी कितीजणी. म्हणणारीला वाटायचं, ही मायेची गोष्ट आहे. ती हाडाची गोष्ट होती.

"म्हणजे ही जन्माची कच्ची नाही," मॅडम शकुंतलाबाईला म्हणाल्या. "दूध थांबवायचं, औषध, ऊन, खाणं. हाड भरेल. चपटलेले मणके परत उंच होणार नाहीत, पण ही उभी राहील. वर्षभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही."

"वर्षभर?" शकुंतलाबाई म्हणाली. "दोन लेकरं, बांध्या, अन् वर्षभर वाकाचं नाई?"

"हो."

"ठीक हाय. कच्ची नाई म्हनता तं नाई. मी शब्द मागं घेतो." तिनं खरोखरच हात जोडले. मग हिशेबी आवाजात म्हणाली, "दूध तोडाचंच हाय, मंग लेकरं हिच्याजवर कायले? आमी आजच नेतो. डब्याचं पाजू. हे उभी झाली, बांधीत उतराले लागली, का मंग पाहू."

"एकदम तोडू नका. छाती भरेल, ताप येईल. लेकरं तीन-साडेतीन महिन्यांची आहेत, आठवडाभर इथंच राहू द्या, हळूहळू करू."

"मॅडम, आमचं घर आमाले कळते."

"मी नको म्हणते, हे लिहून ठेवते," नूतन मॅडम म्हणाल्या आणि उठल्या. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

देवानंद खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं बायकोच्या पावलावर हात ठेवला, उचलला. "पाहू म्हंजे... येतोच ना मी. दर आठोड्याले येतो." त्याची आई दारात पोचली होती. "लेकरायची पिशवी घे," ती म्हणाली. त्यानं पिशवी घेतली.

खाटेपाशी दामिनी आणि रुख्मा, दोघीच मागं राहिल्या. मध्ये दोन लेकरं.

"तुले राग आला असंन," रुख्मा म्हणाली.

"पाय तं मीच लावाले सांगतला," दामिनी छताकडं पाहत म्हणाली. "त्याचा नाई. काल तू म्हनली, न्हानीत पडली. मले वाटलं, मले वाचवून रायली माय. म्हनून मी चूप रायलो. रातभर त्याच भरवशावर पडून होतो. तू तं पाय वाचवून रायली होती."

रुख्मानं पोराच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

"बाईले दे," दामिनी पोरीकडं डोळे वळवत म्हणाली. "ते आधी उठते."

पाठीखाली फळी, कमरेला पट्टा. दामिनीला कूस वळवता येत नव्हती. रुख्मानं पोरीला उचलून आडवं धरलं, डोकं तळहातावर तोललं आणि तिचं तोंड लेकीच्या छातीशी नेलं. पोरीनं लगेच धरलं. आतापर्यंत रुख्मानं हजारदा लेकरं पिताना पाहिली होती, पण गळा पाहिला नव्हता. इवल्याशा गळ्यात घोट वर जाई आणि खाली उतरे, वर जाई आणि खाली उतरे. रुख्मा एकेक घोट मोजू लागली.

"बस झालं आता. मॅडमनं थांबवाले सांगतलं ना."

"पिऊ दे."

"अवो, तुह्या हाडातून..."

"कुठून येते ते मले माहीत हाय. पिऊ दे."

पोरगी पोटभर प्याली. मग पोरगा. तो मेहनती पिणारा, कपाळावर घामाचे थेंब आणून पिणारा. व्हरांड्यातून शकुंतलाबाईचा आवाज आला, गाडी लावली म्हणून. देवानंद दारात येऊन थांबला. आत काय चाललंय ते पाहून त्यानं पाठ फिरवली, पण गेला नाही.

पोरगा पिता पिता झोपला. ओठ मात्र सोडीना, आणि ते सुटले की लेकरं गाडीत जाणार होती. अशा वेळी ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी सरकवायची असते. जराशी हवा शिरली की तोंड आपोआप सुटतं. रुख्मानं एका हातावर लेकरू तोललं आणि दुसऱ्या हाताची करंगळी पुढं केली.

"तू नको," दामिनी म्हणाली. "मी काढतो."

तिनं हात उचलला. पट्ट्याखाली कुठंतरी पाठीनं तो ओढून धरला. कपाळावर शीर उभी राहिली, खालचा ओठ दाताखाली गेला. हात खाटेवरून पोटावर आला, पोटावरून वर सरकला, थांबला, परत सरकला. देवानंदनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. करंगळी लेकराच्या ओठाच्या कोपऱ्यापाशी पोचली आणि आत न शिरता तिथंच थांबली.